पाठीमागचा अर्धा इंच

क्ष-किरण तपासणीच्या अहवालातील एका ओळीने मला दोन दिवस विचारात पाडले. कंबरेच्या मणक्यांचा नैसर्गिक बाक नाहीसा झाला असून कणा सरळ झालेला दिसतो, अशा अर्थाची ती ओळ होती. 'पाठ सरळ ठेव' हे वाक्य मी आईच्या, शाळेतल्या बाईंच्या, छापखान्यातील सहकाऱ्यांच्या आणि एकदा तर रेल्वेच्या डब्यात समोर बसलेल्या अनोळखी आजींच्या तोंडून ऐकले होते. पन्नास वर्षे हे ऐकल्यावर पाठ खरोखरच सरळ झाली आहे आणि नेमका तोच दोष आहे, असे छापील कागदावर हातात यावे, यात गंमत होती. पण त्या वेळी कंबर इतकी दुखत होती की गंमत कळायला मला ते दोन दिवस लागले.

डॉक्टरांनी त्या ओळीला फारसे महत्त्व दिले नाही. स्नायू आखडले की कंबरेचा बाक तात्पुरता जातो, रुग्णाला झोपवून चित्र घेतले तरी तसे दिसू शकते आणि ज्यांना काहीच दुखत नाही अशा पुष्कळ लोकांच्या चित्रांतही हे आढळते, असे त्यांनी सांगितले. आमच्याकडे ज्याला 'मणक्यात गॅप' म्हणतात तसे काही नव्हते आणि गादीही सरकलेली नव्हती. त्यांनी मला व्यायामोपचार करणाऱ्या एका तरुण मुलीकडे पाठवले. तिचा पहिला प्रश्न मला अजून आठवतो. मी कशी बसते, असे तिने विचारले नाही. कशावर बसते, असे विचारले.

मी मुद्रितशोधनाचे काम करते. अठ्ठावीस वर्षांपैकी बावीस वर्षे ते एका छापखान्यातील उतरत्या मेजावर केले आणि गेली सहा वर्षे घरातील जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून करते आहे. त्या टेबलाची खुर्ची सहा जणांच्या संचातली, शिसवी रंगाची आणि दिसायला देखणी आहे. घरी येऊन मी टेप घेतली आणि मोजले. खुर्चीची बैठक जमिनीपासून अठरा इंच आणि टाचेपासून गुडघ्याच्या मागच्या खळगीपर्यंत माझा पाय पंधरा इंच निघाला. म्हणजे सहा वर्षे मी रोज सात-आठ तास तीन इंच अधांतरी होते. पाय जमिनीला टेकावेत म्हणून माणूस नकळत पुढे सरकतो. पुढे सरकला की खुर्चीची पाठ दूर जाते, तिला टेकायचे तर मागे रेलावे लागते, आणि रेलताना कंबर टेकत नाही, फक्त खांदे टेकतात. कंबर आणि खुर्ची यांच्यामध्ये जी पोकळी राहते तिच्यात हळूहळू सगळा माणूस घसरतो.

हे सगळे मला माहीत असायला हवे होते, कारण मी शिंप्याची मुलगी आहे.

बार्शीला आमचे दुकान रस्त्याला लागून होते. दुकान म्हणजे दहा बाय आठची खोली, तिच्या दर्शनी बाजूला लाकडी फळ्यांचा कट्टा आणि मागे पायमशीन. मशीनवरची शिलाई अण्णा स्टुलावर बसून करत, पण काज, गुंड्या, तुरपाई आणि कोटाच्या आतील कच्चे टाके ही हातशिलाई कट्ट्यावर मांडी घालून चाले. दिवसातील निम्म्याहून अधिक वेळ ते मांडी घालूनच असत. त्यांच्या खाली चिंध्यांची एक उशी असे. कातरकामातून उरलेले तुकडे एका जाड खोळीत ठासून भरलेली, चार बोटे उंच आणि दगडासारखी टणक अशी ती उशी गुबगुबीत अजिबात नव्हती. ती खाली नसेल तर ते कामाला बसत नसत. एकदा मी ती पळवली तेव्हा त्यांनी जे सांगितले ते त्या वेळी मला केवळ धंद्याचे वाटले. "खाली काही नसलं की गुडघे वर येतात, आन् मांडीवरचं कापड घसरून पोटात येतंय," ते म्हणाले.

त्या एका वाक्यात बसण्याचे निम्मे शास्त्र आहे. ते मला कळायला पुढची चाळीस वर्षे आणि एक दुखरी कंबर लागली.

माणसाच्या पाठीच्या कण्यात ३३ मणके असतात. मानेचे सात, छातीच्या मागचे बारा आणि कंबरेचे पाच असे चोवीस मणके मोकळे असतात; खालचे पाच एकमेकांत मिसळून त्रिकास्थी बनते आणि शेवटच्या बहुधा चार छोट्या मणक्यांचे माकडहाड होते. बाजूने पाहिले तर हा कणा सरळ कधीच नसतो. मान पुढे झुकते, पाठ मागे फुगते, कंबर पुन्हा आत येते. जन्मलेल्या बाळाचा कणा मात्र पोटात मुटकुळे करून राहिल्यामुळे एकाच वळणाचा, धनुष्यासारखा असतो. तीन-चार महिन्यांत बाळ मान धरते तेव्हा मानेचा बाक तयार होऊ लागतो, आणि ते बसायला, उभे राहायला, चालायला लागते तसा कंबरेचा. म्हणजे कंबरेचा आतला बाक ही माणसाने उभे राहून कमावलेली गोष्ट आहे, आणि खुर्चीत घसरून बसताना ती तेवढ्यापुरती परत केली जाते. 'मोडेन पण वाकणार नाही' ही म्हण कण्याला मुळीच लागू पडत नाही. मोडू नये म्हणूनच तो तीन ठिकाणी वाकलेला असतो.

हा बाक बसल्यावर कुठे जातो, याचे उत्तर पाठीत नाही. ते पाठीच्या खाली, ओटीपोटाच्या हाडांच्या परातीत आहे. त्रिकास्थी या परातीत घट्ट बसवलेली असते, त्यामुळे परात ज्या बाजूला कलते त्या बाजूला कण्याचा पाया कलतो. उभे असताना परात किंचित पुढे कललेली असते आणि तिच्यावर तोल सांभाळण्यासाठी कंबर आत वळते. बसताना मांड्या वर येतात. मांडीच्या मागचे स्नायू बैठकीच्या हाडांना बांधलेले असल्यामुळे ते ताणले जातात आणि परातीला खालून मागे ओढतात. मांडी आणि धड यांच्यात काटकोन होईपर्यंत खुब्याचा सांधा एकटा पुरत नाही. उरलेले वळण परात मागे कलंडून भरून काढते आणि तिच्यामागोमाग कंबर सपाट होते. पुढची साखळी आपोआप घडते. कंबर सपाट झाली की छातीमागचा भाग अधिक फुगतो, मान पुढे जाते, आणि डोळे समोर पाहू शकावेत म्हणून मानेचा वरचा भाग मागे दुमडतो. ज्याला आपण 'पोक काढून बसणे' म्हणतो आणि खांद्यांचा आळस समजतो, त्याची सुरुवात पुष्कळदा बैठकीच्या हाडांपाशी झालेली असते.

आता अण्णांची उशी पाहावी. सपाट जमिनीवर मांडी घातली आणि खुबे पुरेसे उघडत नसले की गुडघे कंबरेच्या वर राहतात, परात मागे कलंडते, मांडीचा उतार पोटाकडे होतो आणि त्यावरचे कापड पोटात येते. खाली चार बोटे उंची दिली की गुडघे बैठकीच्या खाली जातात, परात पुढे कलते, मांडी सपाट होते, कापड जागेवर राहते आणि कंबरेत बाक येतो. अण्णांना कापड महत्त्वाचे होते. कंबर त्यांना अनायासे मिळाली.

मांडी घालण्यासाठी पाय वर उचलून बाहेर फिरवण्याच्या कामी येणारा एक स्नायू खुब्याच्या पुढच्या हाडापासून तिरका उतरत गुडघ्याच्या आतल्या बाजूला जातो. शरीरातील तो सर्वांत लांब स्नायू आहे. शरीरशास्त्रात त्याला 'सार्टोरियस' म्हणतात, आणि लॅटिन भाषेत 'सार्टर' म्हणजे शिंपी. युरोपातील शिंपीही मांडी घालूनच शिवत असत. हे मी अण्णांना सांगितले तेव्हा त्यांना आश्चर्य वाटण्याऐवजी समाधान वाटले, जणू एखादा जुना ग्राहक उशिरा का होईना पैसे देऊन गेला.

काटकोनाची गोष्ट थोडी अधिक सांगायला हवी, कारण सर्वांत मोठा गैरसमज तिथे आहे. शाळेच्या बाकांपासून कार्यालयांतील सूचनाफलकांपर्यंत 'योग्य बैठक' म्हणून जे चित्र दाखवतात त्यात गुडघ्यात काटकोन, खुब्यात काटकोन आणि कोपरात काटकोन असतो. हा माणूस कोनमापकातून निघाला असावा असे वाटते. १९५३ साली कीगन या अमेरिकन मज्जाशल्यविशारदाने मोजक्या लोकांना कुशीवर झोपवून, मांडी आणि धड यांच्यातील कोन बदलत क्ष-किरण चित्रे घेतली. मांडी काटकोनात आणली की कंबरेचा बाक सपाट होऊ लागतो, आणि तो जास्तीत जास्त निवांत असतो तो सुमारे १३५ अंशांच्या आसपास, म्हणजे आपण झोपेत कुशीवर पाय किंचित दुमडून पडतो तेव्हा, असे त्याला दिसले. २००६ मध्ये स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे २२ निरोगी स्वयंसेवकांना प्रत्यक्ष बसलेल्या स्थितीत एमआरआय यंत्रात ठेवून तपासले गेले, तेव्हाही मागे रेलून १३५ अंशांत बसण्याच्या बाजूनेच कौल पडला. त्याआधी डेन्मार्कमधील मॅन्डल या शल्यविशारदाने शाळेच्या खुर्च्यांची बैठक पुढे उतरती असावी आणि मेज उंच असावे असा आग्रह वर्षानुवर्षे धरला होता. छापखान्यातील माझे मेज उतरते होते आणि स्टूल उंच होते. तिथे माझी कंबर कधी दुखली नाही, ही गोष्ट मी तेव्हा वयाच्या खात्यावर टाकली होती.

चौदाव्या वर्षी घडलेली एक गोष्ट सांगते. शाळेचा गणवेश निळा स्कर्ट आणि पांढरा ब्लाउज असा होता आणि तो अर्थातच घरी शिवला जाई. नववीच्या वर्षी माझा ब्लाउज मागून स्कर्टमधून सारखा निसटू लागला. प्रार्थनेला उभे राहिले की मागून कमरेवर वारा लागे आणि मागच्या रांगेतील मुली खिदळत. मी घरी तक्रार केली. अण्णांनी मला दुकानात उभे केले, टेप घेतली आणि मानेच्या मुळाशी हाताला लागणाऱ्या उंचवट्यावर तिचे टोक ठेवले. तो उंचवटा म्हणजे मानेचा सातवा मणका. शिंप्यांची पाठीची मोजणी तिथूनच सुरू होते. शरीरशास्त्राचे विद्यार्थी मणके मोजताना तोच उंचवटा चाचपतात, हे मला फार नंतर समजले. त्यांनी पाठीची उंची घेतली, पुढची उंची घेतली, मला एका बाजूला वळवून दोन क्षण नुसते पाहिले आणि वहीत आकडे लिहिले. पुढच्या सोमवारी मी नवा ब्लाउज घालून गेले. तो निसटला नाही.

दोन वर्षांनी आईने तो उसवून धाकटीसाठी काढला, तेव्हा पाठीचा तुकडा आणि पुढचे तुकडे जमिनीवर पसरलेले मी पाहिले. पाठीचा तुकडा अर्धा इंच जास्त लांब होता. चूक झाली का, असे मी विचारले. अण्णा मशीनवरून मान न उचलता म्हणाले, "तू वाकतीस. तेवढं कापड मागं जास्त लागतंय."

शिवणकामात ही साधी गोष्ट आहे. पाठीला पोक असलेल्या माणसाचे कापड फुगवट्यावर खर्च होते, त्यामुळे मागचा घेर वर उचलला जातो आणि पुढचा लोंबतो. छाती काढून चालणाऱ्याचे नेमके उलटे होते आणि कॉलरखाली पाठीवर आडवी घडी पडते. हुशार शिंपी गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढत असतानाच हे पाहून ठेवतो. एक खांदा उतरलेला असेल तर तेही पाहतो आणि त्या बाजूला अस्तराचा जादा थर घालतो. वकील, तलाठी, हमाल, मास्तर आणि पेढीवरचे मुनीम यांच्या पाठी अण्णांच्या वहीत इंचांनी लिहिलेल्या होत्या. मुनीमजींच्या पाठीला पाऊण इंच लागे, कारण ते आयुष्यभर गादीवर बसून मांडीसमोरच्या बैठ्या मेजावर ओणवे झालेले असत. यातल्या कोणालाही अण्णांनी 'सरळ बसा' असे सांगितल्याचे मला आठवत नाही.

मलाही त्यांनी सांगितले नाही. यावर मी अलीकडे बराच विचार केला आहे. चौदा वर्षांची मुलगी खांदे पुढे घेऊन छाती लपवत चालते, याचे कारण त्यांना कळत असणार. ते बोलून दाखवण्याची जागा दुकानाचा कट्टा नव्हती आणि बहुधा ते बोलणारा माणूस बापही नव्हता. त्यांनी माझ्या वाकण्याला कापडात जागा दिली. आई मात्र 'सरळ बस' म्हणत राहिली, आणि ती म्हणाली की मी दोन मिनिटे खांदे मागे खेचून, छाती ताणून, श्वास कोंडून बसत असे. मग सगळे पूर्वीसारखे. दोघांपैकी कोणी माझे अधिक भले केले, हे मला ठरवता येत नाही. मात्र आईच्या सूचनेचा रोख पाठीवर आणि खांद्यांवर होता, आणि मी बसले होते ते शाळेत सपाट बसकरावर, नंतर पाय लोंबकळतील अशा बाकावर. पाया मागे कलंडलेला ठेवून वरचा मजला ताठ करण्याचा तो प्रयत्न होता. असा ताठा स्नायूंच्या ओढीवर टिकतो, आणि स्नायू थकतात.

ढेपाळून बसणे सुखाचे का वाटते, याचेही उत्तर इथेच आहे. पाठ पूर्ण वाकली की एका टप्प्यावर पाठीचे मोठे स्नायू काम थांबवतात. विद्युत-आलेखावर ते अक्षरशः गप्प होतात. मग धडाचा भार मणक्यांना बांधणारे अस्थिबंध आणि मणक्यांमधल्या चकत्यांचा मागचा भाग पेलतात. स्नायूला विसावा मिळतो म्हणून आपल्याला बरे वाटते. पण अस्थिबंध हळूहळू ताणले जातात. कॅनडातील मॅकगिल आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९२ मध्ये लोकांना वीस मिनिटे पूर्ण वाकून बसवले. उठल्यावर पहिल्या दोन मिनिटांत निम्मा सैलपणा भरून निघाला, पण अर्ध्या तासानंतरही थोडा सैलपणा उरला होता. पुस्तकाचे संपूर्ण प्रकरण तपासून झाल्यावर मी झटकन उठून पाण्याची कळशी उचलते तेव्हाच कंबरेत कळ का येते, हे वाचून मला कळले. कळशीचे वजन तेच असते. मी मात्र आधीचा तासभर दोऱ्या सैल करत बसलेली असते.

चकत्यांबद्दल बोलताना मात्र जपून बोलायला हवे. मणक्यांच्या मधे अशा २३ चकत्या असतात, बाहेरून चिवट तंतूंच्या कड्यांच्या आणि आत पाणीदार गराच्या. प्रौढ वयात त्यांच्या आत रक्तवाहिन्या जवळपास नसतात. पोषण झिरपून येते. दिवसभराच्या भाराने पाणी थोडे बाहेर पिळले जाते, रात्री आडवे झाल्यावर परत शोषले जाते, म्हणून माणूस सकाळी संध्याकाळपेक्षा सुमारे एक टक्का उंच असतो. माझ्या पाच फुटांत हा फरक अर्ध्या इंचाहून थोडा अधिक भरतो. स्वीडनमधील नॅकेमसन यांनी १९६०च्या दशकात जिवंत माणसांच्या चकत्यांत सुई घालून दाब मोजला आणि उभ्यापेक्षा आधाराविना बसलेल्या स्थितीत तो सुमारे ४० टक्के जास्त असल्याचे सांगितले. 'बसणे कंबरेला वाईट' हे वाक्य तिथून जगभर पसरले. १९९९ मध्ये जर्मनीतील उल्म येथे विल्के आणि सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकाच्या चकतीत संवेदक बसवून चोवीस तास मोजणी केली. उभे असताना ०.५ मेगापास्कल, टेकल्याशिवाय निवांत बसल्यावर ०.४६, आणि खुर्चीत चक्क ढेपाळून मागे रेलल्यावर जेमतेम ०.३ दाब भरला. आईने हा आकडा पाहिला असता तर तिने शास्त्रज्ञांनाही सरळ बसायला सांगितले असते.

एका माणसावरची मोजणी ती एका माणसावरचीच, हे खरे. पण दाब हा एकटाच निकष नव्हे, एवढे तरी त्यातून कळते. मागे रेलले की धडाचा भार खुर्चीची पाठ घेते, म्हणून दाब उतरतो. त्याच वेळी कंबरेचा बाक गेलेला असतो आणि मागचे अस्थिबंध ताणलेले असतात. एका मापाने बरी ठरलेली बैठक दुसऱ्या मापाने नापास होते. युरोपातील चार देशांच्या २९५ व्यायामोपचारतज्ज्ञांना बसण्याच्या नऊ पद्धतींची चित्रे दाखवून सर्वोत्तम कोणती, असे विचारण्यात आले होते. बहुतेकांची मते दोन चित्रांत विभागली गेली, आणि ती दोन चित्रे एकमेकांपासून बरीच वेगळी होती. पाठ दुखणारे आणि न दुखणारे यांच्या बसण्याच्या ढबीत ठरावीक फरक सापडतोच असे नाही, असेही संशोधक आता मोकळेपणाने लिहितात. माझे स्वतःचे मत असे झाले आहे की बसण्याच्या आकारापेक्षा त्या आकारात किती वेळ गोठून राहिलो, हे कंबर अधिक काटेकोरपणे लक्षात ठेवते. अण्णा दर थोड्या वेळाने सुईत दोरा ओवायला उजेडाकडे वळत, कात्रीसाठी वाकत, इस्त्रीसाठी उठत, मापासाठी कट्ट्यावरून उतरत. माझ्या लॅपटॉपमध्ये सुई, कात्री, इस्त्री आणि गिऱ्हाईक हे सगळे एकाच जागी आहे.

आणि तरीही उंचीचा मुद्दा मला सोडवत नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात शरीर, डोके आणि मान एका रेषेत धरायला सांगितले आहे, हे सगळे जण उद्धृत करतात. त्याच्या दोनच श्लोक आधी आसन फार उंच नसावे आणि फार खालीही नसावे, असे म्हटले आहे, तिकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. आधी बैठकीची उंची, मग रेषा, असा तो क्रम आहे. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी विकसित केलेल्या पद्धतीत बसण्याच्या आसनांसाठी घडी घातलेल्या चादरी बैठकीखाली देतात, ज्याचे खुबे आखडलेले असतील त्याला अधिक घड्या. व्यायामोपचाराच्या त्या मुलीने माझ्या बैठकीखाली मागच्या बाजूला टॉवेलची घडी सरकवली, तेव्हा कंबर स्वतःहून आत गेली आणि मान वर आली. मी काहीही ताठ केले नव्हते. मला पहिल्यांदा आठवली ती चिंध्यांची उशी.

आता माझ्या पायांखाली आईच्या घरचे दोन पाट एकावर एक ठेवलेले असतात. ज्यांवर बसून आम्ही जेवलो त्यांवर पाय ठेवताना पहिले काही दिवस संकोच वाटला. लॅपटॉप जुन्या शब्दकोशांच्या तीन खंडांवर चढला आहे, कारण चार-पाच किलोचे डोके किती पुढे झुकवायचे, हे शेवटी पडद्याची उंची ठरवते. पाऊण तासाने घड्याळ वाजते आणि मी ओट्यापाशी जाऊन काहीतरी निवडते, चिरते किंवा नुसतीच उभी राहते. कंबर पूर्ण बरी झाली, असे म्हणणार नाही. नव्याने चित्र काढलेले नाही, त्यामुळे बाक परत आला की नाही, हेही पाहिलेले नाही.

अण्णा त्र्याऐंशी वर्षांचे आहेत आणि चार वर्षांपासून माझ्याकडे राहतात. त्यांची कंबर अजून चांगली आहे. जमिनीवरून हात न टेकता उठतात. पण चिंध्यांच्या उशीने कंबर राखली तरी मान आणि पाठ राखली नाही. साठ वर्षे मांडीवरच्या टाक्याकडे पाहून छातीमागचा भाग गोल झाला आहे, आणि या वयात मणकेही पुढच्या बाजूने थोडे खचतात. तयार शर्ट त्यांना बसत नाहीत. पुढून मांडीवर लोंबतात आणि मागून वर उचललेले दिसतात. दिवाळीच्या आधी मी त्यांना पेठेतील एका शिंप्याकडे नेले. तिशीतला मुलगा होता, हात भराभर चालत होता. त्याने छाती घेतली, बाही घेतली, पुढची उंची घेतली आणि टेप गळ्यात टाकली.

"पाठीची वेगळी घे," अण्णा म्हणाले.

"आजोबा, आम्ही एकच घेतो, चालतं."

"चालत नाही. मागं दीड इंच जास्त धर."

मुलाने पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिले. मग ते आपण होऊन त्याच्याकडे बाजू करून उभे राहिले, जसे एकदा त्यांनी मला उभे केले होते. मुलाने मानेच्या मुळाशी बोटाने उंचवटा शोधला, टेप धरली, खाली आणली आणि आकडा वाचून थोडा थांबला. "दीड नाही आजोबा," तो म्हणाला, "पावणेदोन लागेल."

अण्णांनी टेप त्याच्या हातातून घेतली, अंगठ्याने खूण दाबून धरली आणि ती डोळ्यांजवळ नेऊन पाहिली.

"लिही," ते म्हणाले.